पाच सामन्यांची एकच पैज: जोखीम विभागली जाते की वाढते?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेत व्याजाचे हिशोब तपासण्यात गेली, त्यामुळे आकड्यांचे मला वावडे नाही. तरीही एका व्यवहाराबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्स येथे शिकतो. त्याने विट्याला आपल्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, मोठ्या कौतुकाने एका पैजेच्या पावतीचे चित्र पाठविले आणि बहिणीने ते घाबरून माझ्याकडे पाठविले. तेथे अठरा वर्षांवरील व्यक्तीने परवानाधारक बुकीकडे पैज लावणे कायदेशीर आहे, याची मला कल्पना आहे. तेव्हा "पोराला आवरा" एवढेच सांगणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत.

पावतीवर एकाखाली एक असे पाच फुटबॉल सामने आहेत. प्रत्येक ठिकाणी यजमान संघ जिंकेल असा अंदाज बांधलेला असून समोरचे भाव (म्हणजे जिंकल्यास एका पौंडामागे मुद्दलासह मिळणारी रक्कम) अनुक्रमे १.५०, १.६०, १.४५, १.७५ आणि १.८० असे आहेत. तळाशी लावलेली रक्कम ५ पौंड आणि संभाव्य परतावा ५४.८१ पौंड असे छापलेले आहे. भावांचा गुणाकार १०.९६२ येतो आणि त्याला पाचाने गुणल्यास तोच परतावा मिळतो, इथपर्यंत मला समजले. भाच्याचे म्हणणे असे, की एकाच सामन्यावर सगळे पैसे लावण्यापेक्षा पाच सामन्यांवर लावल्याने जोखीम विभागली जाते. शिवाय पाचही संघ तगडे असल्याने धोका फारसा नाही. मुदत ठेवी चार बँकांत विभागून ठेवाव्यात असा सल्ला मी स्वतः अनेकांना दिलेला असल्यामुळे त्याच्या या युक्तिवादाला पटकन उत्तर सुचले नाही, पण तो पचनीही पडला नाही.

आणखी एक बाब म्हणजे पुढच्या वेळी चार सामन्यांची 'यांकी' लावणार असल्याचे तो सांगतो, कारण तीत एखादा अंदाज चुकला तरी पैसे बुडत नाहीत. हा प्रकार नेमका काय असतो?

संख्यामित्र (सांगली)

कृष्णाकाठ साहेब, मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवितो, त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम जोखीम विभागण्याविषयी. आपण चार बँकांत ठेवी ठेवता तेव्हा एक बँक अडचणीत आली तरी उरलेल्या तीन ठेवी शाबूत राहतात. भाच्याने पाच सामन्यांवर एकेक पौंडाच्या पाच स्वतंत्र पैजा लावल्या असत्या, तर ते खरोखर विभागणे झाले असते. त्याने केले ते नेमके उलट. संयुक्त पैजेत, म्हणजे सगळे अंदाज खरे ठरले तरच पैसे देणाऱ्या अशा पैजेत, पहिल्या सामन्याची मुद्दल आणि नफा असे सगळेच्या सगळे दुसऱ्या सामन्यावर लागते, तेथून तिसऱ्यावर, आणि असे शेवटपर्यंत. पाच पौंडांचे पहिल्या सामन्यानंतर ७.५०, दुसऱ्यानंतर १२, तिसऱ्यानंतर १७.४०, चौथ्यानंतर ३०.४५ आणि पाचव्यानंतर ५४.८१ होतात. म्हणजे पाचवा सामना सुरू होताना भाच्याचे तीस पौंडांहून अधिक पैसे एकाच संघावर लागलेले असतात, फक्त ते त्याने खिशातून काढून मोजून दिलेले नसल्यामुळे त्याला तसे जाणवत नाही. तीस पौंडांची रोख पैज त्याच संघावर लावशील का, असे त्याला विचारून पाहावे.

आता बुकीच्या कपातीकडे वळू या, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा तेथेच आहे आणि पावतीवर त्याचा मागमूसही नसतो. समजा, एका सामन्यात यजमानांचा भाव १.५०, बरोबरीचा ४.३३ आणि पाहुण्यांचा ६.५० आहे. प्रत्येक भावाने एकास भागल्यास अनुक्रमे ६६.६७, २३.०९ आणि १५.३८ टक्के येतात व त्यांची बेरीज १०५.१४ भरते. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊ शकत नाही. वरचे पाच टक्के ही बुकीची मिळकत असून ती भावातच मुरविलेली असते. ढोबळ हिशोबाने शंभर पौंड लागले तर त्यांतील पंच्याण्णव परत वाटले जातात. एकेरी पैजेपुरती ही कपात बेताची म्हणता येईल.

संयुक्त पैजेत मात्र ती प्रत्येक सामन्याला नव्याने लागते. आपल्या मार्केट यार्डात हळदीचे एकच पोते पाच अडत्यांच्या हातून फिरवून प्रत्येकाला मागच्याच्या उरलेल्या रकमेवर अडत दिली, तर शेतकऱ्याच्या हाती काय उरेल याचा जो हिशोब, तोच येथेही. ०.९५ चा पाच वेळा गुणाकार केल्यास ०.७७४ येतो. म्हणजे पाच सामन्यांच्या पैजेत बुकीची कपात पाच टक्के न राहता सुमारे साडेबावीस टक्क्यांवर जाते. आपण आयुष्यभर पाहिलेले चक्रवाढ व्याज ते हेच, फक्त येथे ते सावकाराच्या बाजूने चालते. भाच्याच्या पावतीवर ५४.८१ पौंड छापले असले, तरी या हिशोबाने कपात नसती तर तेथे साधारण ७०.८० पौंड दिसायला हवे होते.

"पाचही संघ तगडे आहेत" या म्हणण्याचेही तसेच आहे. कपात वजा केल्यास त्या पाच यजमानांच्या विजयाची शक्यता अनुक्रमे ६३, ५९, ६६, ५४ आणि ५३ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्येक आकडा निम्म्याहून अधिक असल्यामुळे वाचताना धीर येतो. पण पाचही गोष्टी एकाच वेळी घडण्याची शक्यता यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे जेमतेम सात टक्के उरते.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा हंगाम ३८ फेऱ्यांचा असतो. भाच्याने प्रत्येक फेरीला अशीच पाच पौंडांची पावती फाडली, तर हंगामात १९० पौंड जातील आणि सरासरीने १४७ परत येतील. ही सरासरी असल्यामुळे प्रत्यक्षात चित्र खडबडीत दिसते. तीन वेळा पाचही अंदाज बरोबर आले तरी १६४ पौंडच मिळतात, म्हणजे हंगाम तोट्यातच जातो; फायद्यात यायचे तर चार वेळा जिंकावे लागते आणि तसे होण्याची शक्यता साधारण २८ टक्के आहे. उलट संपूर्ण हंगामात एकदाही न जिंकण्याची शक्यता सहा टक्के आहे. मधल्या काळात जिंकलेल्या पावतीचे चित्र मात्र विट्याला नक्की पोहोचेल, हरलेल्या पावत्यांची चित्रे कोणी पाठवीत नाही.

शर्यतशौकीन (मिरज)

संख्यामित्र सरांचे विवेचन उत्तम आहे. मी पुण्याच्या पावसाळी हंगामातील घोड्यांच्या शर्यती बरीच वर्षे पाहत आलो आहे, म्हणून तेथील जॅकपॉटविषयी थोडे लिहितो, कारण तोही अनेक निकाल एकत्र गुंफलेलाच प्रकार आहे. जॅकपॉटमध्ये लागोपाठच्या पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे असतात. फरक असा, की टोटवर, म्हणजे क्लबच्या सामाईक पैज-व्यवस्थेत, भाव आधी ठरलेला नसतो. सर्वांनी लावलेले पैसे एका कुंडात जमा होतात, त्यातून क्लबचा हिस्सा आणि कर एकदाच वजा होतो आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. त्यातही सत्तर टक्के रक्कम पाचही विजेते ओळखणाऱ्यांना आणि तीस टक्के एक शर्यत चुकलेल्यांना, अशी विभागणी असते. शर्यती पाच असल्या तरी कात्री एकदाच चालते. ती कात्री मुळातच मोठी असते हा भाग निराळा.

तेथे तिकीट भरताना एखाद्या शर्यतीत एकच खात्रीचा घोडा धरून त्याला 'बँकर' करतात आणि बाकीच्या शर्यतींत दोन-दोन, तीन-तीन घोडे घेतात. दोन, तीन, एक, चार आणि दोन असे घोडे घेतले तर अठ्ठेचाळीस जोडण्या होतात व तेवढ्या जोडण्यांचे पैसे मोजावे लागतात. नवखा माणूस आपण 'एक तिकीट' काढले असे समजतो. यांकीचेही काहीसे असेच असावे, असा माझा अंदाज आहे.

संख्यामित्र (सांगली)

शर्यतशौकीन यांचा अंदाज अगदी बरोबर आहे. चार सामन्यांतून दोन-दोनांच्या सहा जोड्या, तीन-तीनांचे चार गट आणि चारही मिळून एक, अशा एकूण अकरा स्वतंत्र पैजा म्हणजे यांकी. एका पैजेला एक पौंड धरला तर अकरा पौंड भरावे लागतात. याच घराण्यात तीन सामन्यांची 'ट्रिक्सी' चार पैजांची असते, पाच सामन्यांची 'कॅनेडियन' सव्वीस, सहांची 'हाइन्झ' सत्तावन्न आणि आठांची 'गोलायथ' तर दोनशे सत्तेचाळीस पैजांची. नावे कुस्तीच्या फडातली वाटावीत अशी आहेत, पण आतला हिशोब सगळीकडे एकच.

भाच्याच्या पावतीवरील पहिले चार सामने घेऊन ही यांकी मांडून पाहिली. फक्त पहिले दोन अंदाज खरे ठरले तर अकरा पौंडांचे २.४० परत येतात. तीन खरे ठरले तर कोणता सामना हातचा गेला यावर सगळे अवलंबून राहते. १.७५ भावाचा संघ हरला आणि बाकीचे तिघे जिंकले तर १०.३८ पौंड मिळतात, म्हणजे चारांपैकी तीन अंदाज बरोबर येऊनही बासष्ट पेन्सांचा तोटाच होतो. सर्वांत अनुकूल तीन जिंकले तरी परतावा १२.०३ पौंडांपुढे जात नाही. चारही खरे ठरल्यास ३६.४९ पौंड हाती येतात. तेच अकरा पौंड थेट चारांच्या एकत्रित पैजेवर लावले असते तर ६६.९९ आले असते. "एखादा अंदाज चुकला तरी पैसे बुडत नाहीत" हे विधान म्हणूनच अर्धवट खरे आहे. कमी भावांच्या संघांवर यांकी लावणे हे मला व्यक्तिशः निरर्थक वाटते. कारण त्यात संरक्षण मिळत नाही आणि मोठ्या बक्षिसाची गंमतही उरत नाही.

कपातीचे म्हणाल तर यांकीत सरासरीने सुमारे ८७.८ टक्के रक्कम परत येते, चारांच्या एकत्रित पैजेत ८१.५ आणि एकेरीत ९५. म्हणजे यांकी या दोहोंच्या मधोमध बसते. पैजांची मांडणी बदलल्याने चढउतार कमी-अधिक होतात, पण कोणत्याही मांडणीने कपात एकेरी पैजेच्या खाली जात नाही.

गणपती पेठ (सांगली)

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आपल्याकडच्या आकड्याच्या धंद्यात, म्हणजे मटक्यात, सिंगलला (एका आकड्याला) एकास नऊ आणि जोडीला (दोन आकड्यांना) एकास नव्वद असा दर वर्षानुवर्षे ऐकिवात आहे. ओपन (पहिला आकडा) आणि क्लोज (दुसरा आकडा) मिळून जोडी होते, तर ती संयुक्त पैजच नव्हे काय? आणि तसे असेल तर मटका वाईट आणि इंग्लंडमधली छापील पावती सभ्य, असे आपण कशावरून म्हणतो?

संख्यामित्र (सांगली)

प्रश्न मार्मिक आहे. सिंगलमध्ये दहा आकड्यांपैकी एक येणार आणि देणार नऊ, म्हणजे कपात दहा टक्के. ओपनचे जिंकलेले नऊ तसेच क्लोजवर लावले असते तर एक्क्याऐंशी मिळाले असते आणि कपात एकोणीस टक्क्यांवर गेली असती. जोडीला नव्वद देत असल्यामुळे शंभर शक्यतांमागे कपात दहाच टक्के राहते. म्हणजे मटकेवाला जोडीवर दुसऱ्यांदा कात्री लावीत नाही. पाच-पाच टक्के कपातीच्या दोन फुटबॉल सामन्यांची जोडी घेतली तर तिथली कपात ९.७५ टक्के, म्हणजे जवळजवळ मटक्याइतकीच होते, आणि पाच सामन्यांची पैज तर जोडीच्या दुपटीहून महाग पडते. मटका बेकायदेशीर आहे आणि तेथे पैसे मिळतीलच याची दाद कोठे मागता येत नाही, हा फरक मोठाच आहे. निव्वळ कपातीच्या हिशोबात मात्र छापील पावतीला मान वर करायला फारशी जागा नाही.

नवा खेळाडू (इस्लामपूर)

मला येथे एक हरकत नोंदवावीशी वाटते. सर्व चर्चा बुकीचा भाव अचूक असतो असे धरून चालली आहे. एखाद्याचा अभ्यास बुकीपेक्षा सरस असेल आणि प्रत्येक सामन्यात त्याच्या बाजूने पाच टक्क्यांचा फायदा असेल, तर १.०५ चा पाच वेळा गुणाकार केल्यावर तो २७ टक्क्यांहून अधिक होतो. मग संयुक्त पैज हीच सर्वांत हुशारीची ठरत नाही का? शिवाय परदेशी संकेतस्थळे संयुक्त पैजेवर जादा बोनसही देतात.

संख्यामित्र (सांगली)

आपले गणित बिनचूक आहे. गुणाकाराला बाजू कोणाची हे कळत नाही. अडचण गृहीतकात आहे. पाचही सामन्यांत बुकीहून सरस अंदाज बांधता येणारी व्यक्ती असते, परंतु ती विरळा, आणि तिच्यापुढे दुसराच प्रश्न उभा राहतो, कारण सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकाची मर्यादा बुकी काही पेन्सांवर आणून ठेवतात. संघाच्या नावावरून आणि मागच्या आठवड्याच्या निकालावरून पाच यजमान निवडणे याला मी अभ्यास म्हणणार नाही.

बोनसचे उदाहरण घेऊ. पाच सामन्यांच्या पैजेवर नफ्याच्या दहा टक्के जादा मिळतात असे धरले, तर ५४.८१ चे ५९.७९ होतात. ७०.८० च्या तुलनेत ते ८४ टक्के भरतात. साडेबावीस टक्के घेऊन त्यातले सहा-सात टक्के परत करणे, असा हा बोनस आहे. "एक सामना चुकल्यास पैसे परत" या योजनेत तर परतफेड बहुधा रोख नसून पुन्हा पैज लावण्यापुरतीच असते. सामने चालू असताना मधूनच ठरावीक रक्कम घेऊन बाहेर पडण्याची जी सोय देतात, तीतही त्या क्षणीच्या भावातून पुन्हा एकदा कपात होते.

एकाच सामन्यातील दोन गोष्टी जोडताना तर विशेष जपावे. संघ जिंकणे आणि त्याच संघाच्या मुख्य आघाडीवीराने गोल करणे या परस्परांवर अवलंबून असलेल्या गोष्टी आहेत, त्यामुळे त्यांच्या भावांचा सरळ गुणाकार बुकी देत नाहीत. पूर्वी अशा पैजा ते नाकारीतच असत. आता त्या स्वीकारतात, पण भाव स्वतःच्या गणिताने काढतात. त्यामुळे मी वर दाखविलेली एकास भागण्याची युक्ती तेथे चालत नाही आणि कपात किती झाली हे ग्राहकाला ताडता येत नाही.

सातारकर वकील (सातारा)

इस्लामपूरच्या मित्रांनी परदेशी संकेतस्थळांचा उल्लेख केला म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा आहे आणि तो आजही महाराष्ट्राला लागू आहे. घोड्यांच्या शर्यतींचा मार्ग वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांना कौशल्याचा खेळ मानले. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही आणि असा खेळ चालविणे, त्याची जाहिरात करणे व त्यासाठीचे आर्थिक व्यवहार पार पाडणे हे सगळे गुन्हे ठरविले आहेत. त्या कायद्यातील शिक्षा खेळणाऱ्यासाठी नाही. पण खेळणाऱ्याचे अडकलेले पैसे सोडवून देण्याचीही त्यात सोय नाही. पैजेचा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार शून्यवत असल्यामुळे दिवाणी दावाही टिकत नाही.

कृष्णाकाठ यांच्या भाच्याची गोष्ट निराळी आहे, तो तेथील कायद्याखाली येतो. फक्त एक बाब आपल्या भगिनींच्या कानी घालावी. परकीय चलनाच्या चालू खात्यावरील व्यवहारांसंबंधी २००० चे जे नियम आहेत, त्यांच्या पहिल्या अनुसूचीत लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल आणि स्वीपस्टेक यांच्यासाठी परदेशी पैसे पाठविण्यास स्पष्ट मनाई आहे. शिक्षण व निर्वाहासाठी रक्कम पाठविणे पूर्णतः वैध आहे, मात्र बँकेत ते कारण लिहून पैजेसाठी पैसे पाठविता येणार नाहीत.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पैसे ७.५० वरून १२ आणि पुढे ३०.४५ असे सरकत जातात, हा हिशोब कागदावर मांडून मी भाच्याला पाठविला. तीस पौंडांची रोख पैज त्या पाचव्या संघावर आपण लावली नसती, हे त्याने कबूल केले. तीन अंदाज बरोबर येऊनही यांकीत तोटा होतो यावर मात्र त्याचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने स्वतः सगळ्या अकरा पैजा लिहून बेरीज केली. घरून पैसे मागण्याचा प्रश्न आला नाही, तो तेथे सुट्टीच्या दिवशी काम करून स्वतःचा खर्च भागवितो.

आता त्याचाच एक प्रश्न आहे. मूळ पावतीवरील तिसरा, म्हणजे १.४५ भावाचा सामना बर्फामुळे पुढे ढकलला गेला आणि बाकीचे चार अजून व्हायचे आहेत. पावती रद्द होते की तो सामना हरल्यात जमा धरतात?

संख्यामित्र (सांगली)

सर्वसाधारण नियम असा, की तो सामना हरलाही नाही आणि जिंकलाही नाही असे मानून त्याचा भाव १.०० धरतात आणि पाचांची पैज चारांची होते. गुणाकार १०.९६२ वरून ७.५६ वर येईल आणि चारही अंदाज खरे ठरल्यास त्याला ३७.८० पौंड मिळतील. सामना किती दिवसांच्या आत पुन्हा खेळविला गेल्यास मूळ पैज कायम राहते, ही मुदत मात्र बुकीगणिक वेगळी असते. ती पावतीवर छापत नाहीत, त्यांच्या नियमावलीत 'पुढे ढकललेले सामने' या मथळ्याखाली त्याने पाहावी.